घड्याळाची वंशावळ

सांगलींतील एका डॉक्टरांच्या घराण्याशीं आमचा दोन पिढ्यांचा स्नेह आहे. २०१९ सालच्या ऑगस्टमध्यें कृष्णेला महापूर आला, आयर्विन पुलापाशीं पाण्यानें ५७ फुटांची खूण गांठली, आणि नदीकांठच्या इतर घरांप्रमाणें या घराचा तळमजलाहि कित्येक दिवस पाण्याखालीं राहिला. पूर ओसरल्यावर मंडळींनीं जें जें बाहेर काढलें त्यांत एका शिसवी कपाटांतील कागदांचा लगदा होता. घरांतील एका जुन्या मनगटी घड्याळाची मूळची पेटी त्याच कपाटांत होती. तींत कांहीं कागद होते खरे, परंतु ते कोणीं कधीं वाचले नव्हते. घड्याळ मात्र माळ्यावरच्या पितळी डब्यांत असल्यामुळें वांचलें.

पुढें वाटण्या निघाल्या, घराची दुरुस्ती निघाली, आणि हें घड्याळ विकावें असें ठरलें. मुंबईच्या एका मध्यस्थानें तें पाहून 'दुर्मिळ' हा शब्द उच्चारला, तेव्हां घरांत थोडी चलबिचल झाली. कारण पन्नास वर्षें तें घड्याळ आजोबांचें एवढ्याच नात्यानें ओळखलें जात होतें. विक्रीबरोबर द्यावयाचें एक टिपण आम्हीं लिहावें अशी त्यांनीं गळ घातली. हें एका संध्याकाळचें काम आहे अशा समजुतीनें आम्हीं होकार दिला. तें चार महिने पुरलें.

टिपणाचा मजकूर घरच्यांना तोंडपाठ होता. आजोबा मिरजेस वैद्यकी शिकले. १९३० च्या सुमारास त्यांनीं एका संस्थानिकाच्या घरीं कोणास तरी दुखण्यांतून उठविलें. आणि राजेसाहेबांनीं भर दरबारांत आपल्या मनगटावरचें घड्याळ काढून त्यांच्या हातीं बांधलें. ही कथा आम्हीं स्वतः लहानपणीं ऐकली आहे, आणि ती सांगतांना आमच्या स्नेह्यांचे वडील मनगट कसें पुढें करीत तेंहि आम्हांस आठवतें. वास्तविक एवढें लिहून हात झाडावयास हरकत नव्हती.

प्रथम घड्याळाविषयीं सांगूं. डबी पोलादी आहे. उजव्या अंगास किल्ली देण्याचें बोंड, आणि त्याच्या वर एक व खालीं एक अशा दोन कळा आहेत. तबकडीवर दोन लहान वर्तुळें असून कडेनें तांबड्या आंकड्यांची एक माळ आहे. या जातीच्या घड्याळास क्रोनोग्राफ म्हणतात. साधें घड्याळ कितीं वाजले तें सांगतें; क्रोनोग्राफ त्याखेरीज एखादी क्रिया किती वेळ चालली तेंहि सांगतो. वरची कळ दाबली कीं मधला लांब कांटा चालूं लागतो. पुन्हा दाबली कीं थांबतो. खालची दाबली कीं तो उडी मारून शून्यावर येतो. आणि हें सर्व चालूं असतां मूळचें घड्याळ आपली चाल सोडीत नाहीं. तांबडे आंकडे नाडीसाठीं आहेत. रोग्याची नाडी धरून कळ दाबावी, तीस ठोके मोजावे, आणि पुन्हा कळ दाबावी. कांटा ज्या आंकड्यावर उभा राहील तेवढे ठोके मिनिटास पडतात. तीस ठोक्यांना वीस सेकंद लागले तर कांटा ९० वर थांबतो. गुणाकार-भागाकार तबकडीनेंच करून ठेवलेला असतो. घाईत असलेल्या डॉक्टरास याहून अधिक काय पाहिजे?

क्रोनोग्राफ या ग्रीक घडणीच्या शब्दाचा अर्थ 'काळ लिहिणारा' असा आहे, आणि आरंभीं तो अक्षरशः खरा होता. निकोलास रियसेक नांवाच्या घड्याळजीनें १८२१ सालीं पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतींत एक यंत्र वापरलें. प्रत्येक घोडा पल्ला गांठतांच तें यंत्र फिरत्या तबकडीवर शाईचा ठिपका टाकीत असे. पुढें १८४४ सालीं आडोल्फ निकोल यानें बदामाच्या आकाराच्या एका लहानशा तुकड्याच्या योगानें कांटा कोठेंहि असला तरी एका झटक्यांत शून्यावर आणण्याची युक्ति काढली. आजहि हातानें किल्ली देण्याच्या क्रोनोग्राफचें पाठीमागचें झांकण उघडलें तर तो बदाम दिसतो. घड्याळाच्या पोटांत हृदयाचा आकार असावा, आणि त्याचें काम झालेली मोजणी पुसून टाकण्याचें असावें, हें आम्हांस मोठें मौजेचें वाटलें.

जवळजवळ दोन शतकें या यंत्राचा जनक रियसेक हाच मानला जात होता. २०१२ सालीं जिनीव्हा येथें क्रिस्टीच्या लिलांवांत एक खिशांतलें जुनें घड्याळ विकावयास आलें. तें लुई म्वाने या फ्रेंच घड्याळजीचें होतें. डबीच्या आंतल्या अंगास उमटविलेल्या छापांवरून तें १८१५ सालीं सुरू होऊन १८१६ सालीं पुरें झालें असें ठरलें, आणि जनकत्वाचा मान पांच वर्षें मागें सरकला. म्वाने यानें तें आकाशांतील ग्रहतारे न्याहाळण्यासाठीं केलें होतें, आणि तें सेकंदाचाहि साठावा भाग मोजी. तासाचा साठावा भाग मिनिट, त्याचा साठावा सेकंद, आणि सेकंदाचा साठावा 'तिएर्स' म्हणजे तिसरा, अशी ती परंपरा आहे. आमच्या वाचकांस ही साठाची शिडी परकी वाटणार नाहीं. दिवसाच्या ६० घटिका, घटिकेचीं ६० पळें आणि पळाचीं ६० विपळें, हें आमच्या पंचांगांत छापलेलें असतें. साताऱ्याच्या जुन्या घरांतून मुहूर्ताच्या वेळीं पाण्याच्या घंगाळांत घटिकापात्र सोडून बसलेले भटजी ज्यांनीं पाहिले असतील त्यांना चोवीस मिनिटांची घटिका डोळ्यांसमोर भरतांना दिसली असेल. आमचें विपळ सेकंदाच्या दोनपंचमांश एवढें. तें मोजणारें यंत्र मात्र आमच्याकडे झालें नाहीं. विपळ हें गणितांतच राहिलें.

हें सर्व येथें सांगण्याचें कारण असें कीं, एका विकल्या जाणाऱ्या वस्तूनें इतिहास बदलला, तो तिच्या अंगावरच्या छापानें बदलला. तो छाप मध्यंतरीं कोणा हौशी मनुष्यानें घासून चकचकीत केला असता, तर म्वानेचें नांव पुनः शंभर वर्षें झोंपलें असतें.

क्रोनोग्राफ मनगटावर आला तो १९१३ च्या सुमारास. लाँजिन कारखान्यानें त्या सालीं खास मनगटासाठीं एक यंत्र काढलें. तोंपर्यंत मनगटी घड्याळ हा बायकांचा दागिना समजला जाई. पहिल्या महायुद्धानें तो समज मोडला, कारण खंदकांत उभें राहून खिशांतलें घड्याळ काढावयास सवड कोणाला असणार? त्या युद्धांत सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे या एका गांवचे ४६ जवान कामास आले, आणि त्या गांवास आजहि 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात; दूरच्या युद्धांनीं बदललेल्या लहानसहान संवयी आमच्या खेड्यांपर्यंत कोणत्या वाटेनें आल्या, तें एवढ्यावरून समजावें. स्विस घड्याळांचा व्यापार मुंबईस आधींच रुजला होता. फावर-ल्युबा ही पेढी १८६५ सालीं मुंबईस आली, आणि वेस्ट एंड वॉच कंपनीची स्थापना १८८६ सालची. त्यांच्या घड्याळांपैकीं एकाचें नांवच 'सोवार' म्हणजे आपला 'स्वार' होतें. गिऱ्हाईक कोण हें ओळखून ठेवलेलें नांव तें.

आमच्या भागांत क्रोनोग्राफ घेणारा मनुष्य मात्र विरळा. शर्यतीचे घोडे, विमानें, तोफा यांच्याशीं ज्यांचा संबंध त्यांचें तें हत्यार. अशा स्थितींत मिरज हें एकच गांव असें होतें कीं जेथें नाडीच्या तबकडीचें घड्याळ ही चैन नव्हती. डॉ. विल्यम वानलेस यांनीं १८९४ सालीं तेथें मिशनचें रुग्णालय काढलें, पुढें वैद्यकीचे वर्गहि चालविले, आणि दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटक येथील रोगी खटाऱ्यांतून व आगगाडीनें मिरजेस येऊं लागले. आमच्या स्नेह्यांचे आजोबा याच वातावरणांत तयार झाले. घड्याळ त्यांच्या मनगटावर शोभलें यांत नवल नाहीं.

आतां अडचण येथून सुरू होते. आम्हीं तें घड्याळ पुण्याच्या एका वृद्ध घड्याळजीस दाखविलें. त्यांनीं डोळ्याला भिंग लावून झांकण काढलें, बराच वेळ पाहिलें, आणि विचारलें, "हें कोणत्या सालचें म्हणतां?" आम्हीं १९३० म्हणतांच त्यांनीं मान हलविली. चालत्या चक्राच्या टोंकावर वीणेच्या आकाराची एक नाजूक कमान त्यांनीं आम्हांस दाखविली. घड्याळ खालीं पडलें तर चक्राचा बारीक आंस तुटूं नये म्हणून केलेली ही योजना. तिचें नांव इन्काब्लॉक, आणि ती १९३४ च्या सुमारास प्रचारांत आली. दोन स्वतंत्र कळांची रीतहि ब्राइटलिंग कारखान्यानें त्याच सालीं पुढें आणली आणि मग इतरांनीं उचलली. "राजेसाहेबांनीं १९३० सालीं हें दिलें असेल," ते शांतपणें म्हणाले, "तर तें त्यांना पुढच्या सालांतून आणावें लागलें असेल."

आम्हीं हें वृत्त सांगलीस कळविलें. घरीं कोणी रागावलें नाहीं. पण साल आठवण्यांत चूक झाली असेल, असें एकमतानें ठरलें. मुंबईच्या मध्यस्थाचें म्हणणें तर असें पडलें कीं, सालाचा उल्लेखच करूं नये. "अहो, राजेसाहेबांची गोष्ट कशाला सोडतां? तेवढ्यानें किंमत दीडपट येते." त्याच्या हिशेबांत चूक नव्हती, हें आम्हांस मान्य केलें पाहिजे.

जुन्या क्रोनोग्राफांना असा कोणता भाव येतो, हें येथें सांगितल्यावांचून दीडपट या शब्दाचें वजन वाचकांस कळणार नाहीं. २०१७ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत न्यूयॉर्क येथें पॉल न्यूमन या अमेरिकन नटाचा रोलेक्स क्रोनोग्राफ १ कोटी ७७ लक्ष डॉलरांहून अधिक किंमतीस गेला. घड्याळ पोलादी, नवें असतां तें कांहीं शें डॉलरांचें होतें, आणि त्या तबकडीचीं घड्याळें दुकानांत पडून राहत. न्यूमनच्या पत्नीनें तें त्याला दिलें व पाठीवर गाडी जपून चालविण्याविषयीं चार शब्द कोरून घेतले. त्यानें तें १९८४ सालीं आपल्या कन्येच्या त्या वेळच्या मित्रास देऊन टाकलें. आणि त्या मित्रानें तेहतीस वर्षांनीं तें विकलें. साखळीची एकहि कडी तुटलेली नाहीं. त्याच्या आदल्या वर्षीं जिनीव्हा येथें पाटेक फिलिप कारखान्याचा पंचांगदर्शक क्रोनोग्राफ १ कोटी १० लक्ष स्विस फ्रँकांस विकला गेला. १९४१ पासून त्या घाटाचीं २८१ घड्याळें झालीं; त्यांतील बहुतेक सर्व सोन्याचीं, आणि पोलादी अशीं चारच ज्ञात होतीं. विकलें गेलें तें पोलादी.

सोन्याहून पोलाद महाग, हें ऐकून आमच्या विट्याकडील मंडळींना हंसूं येईल. विटें, खानापूर, आटपाडी, तासगांव या भागांतील गलाईवाले दुष्काळाला कंटाळून घर सोडून गेले, आणि हिंदुस्थानांतील बहुतेक सर्व मोठ्या शहरांच्या सराफकट्ट्यांत सोनें-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा त्यांनीं हातीं घेतला. त्यांच्या मुशीला वस्तूचा इतिहास कळत नाहीं, वजन व कस कळतो; आणि धंद्याच्या दृष्टीनें तेंच योग्य आहे. १९६९ च्या डिसेंबरांत जपानांत स्फटिकावर चालणारें मनगटी घड्याळ बाजारांत आलें, आणि दहा-पंधरा वर्षांत किल्लीचीं घड्याळें कवडीमोल झालीं. त्यांतच १९८० च्या जानेवारींत सोन्याचा भाव औंसाला ८५० डॉलरांपर्यंत चढला. युरोपांत काय आणि आमच्याकडे काय, सोन्याच्या डब्या फोडून मुशींत गेल्या व आंतलीं यंत्रें टोपल्यांत पडलीं. पोलादी घड्याळाला मोड नसल्यामुळें तें गाळलें जात नसे, पण तेंहि जपून कोण ठेवणार?

मुशीहून अधिक हानि मात्र दुरुस्तीनें केली आहे. आमच्या देशांत घड्याळांच्या आयातीवर पुष्कळ वर्षें निर्बंध होते. १९६१ सालीं बंगलोरास एच. एम. टी. चा कारखाना निघाल्यावरहि परदेशी घड्याळाची ओढ कमी झाली नाहीं, आणि तें चोरट्या मार्गानें येई. अशा घड्याळाला पावती कोठून असणार? तें बिघडलें म्हणजे दुसऱ्याचें चक्र, तिसऱ्याचा कांटा, चौथ्याची डबी घालून चालतें करीत, आणि तबकडी नव्यानें रंगवीत. गरजेपोटीं केलेली ही कारागिरी वाईट म्हणतां येणार नाहीं. पण पुढें तीच विक्रीची युक्ति झाली. परदेशांतील घड्याळांचे शौकीन असल्या भडक रंगविलेल्या घड्याळांस 'मुंबई स्पेशल' म्हणून नाक मुरडतात, आणि आमच्या शहराचें नांव या अर्थानें रूढ व्हावें याचें आम्हांस वाईट वाटतें. मूळ तबकडी पिंवळी पडलेली असो, तिच्यावर डाग असोत, तीच ठेवावी. रंगविलेल्या तबकडीनें घड्याळ तरुण दिसतें, परंतु त्याची साक्ष संपते. आमच्या स्नेह्यांच्या घड्याळावर नऊच्या आंकड्यापाशीं एक तपकिरी डाग आहे. तो काढूं कां, असें सांगलीच्या एका दुकानदारानें विचारलें होतें. सुदैवानें तो सोमवारीं या म्हणाला आणि सोमवारीं पाऊस पडला.

वस्तूपेक्षां तिच्यामागची कथा पुढें धांवते तेव्हां काय होतें, याचें उदाहरण साताऱ्यासच घडलें आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें २०२४ च्या जुलै महिन्यांत तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रांत आलीं, आणि प्रथम साताऱ्याच्या छत्रपति शिवाजी महाराज संग्रहालयांत लोकांनीं तीं रांगा लावून पाहिलीं. जेम्स ग्रँट डफ हा १८१८ ते १८२२ पर्यंत साताऱ्यास इंग्रजांचा प्रतिनिधि होता. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तो हाच. वाघनखांच्या पेटीवर असा लेख आहे कीं, तीं शिवाजी महाराजांचीं असून ग्रँट डफ यास साताऱ्यास असतां पेशव्यांच्या प्रधानाकडून मिळालीं. मात्र संग्रहालयाच्या स्वतःच्या नोंदींत स्पष्ट म्हटलें आहे कीं, महाराजांनीं वापरलीं तींच हीं, हें सिद्ध करतां आलेलें नाहीं. पेटी बोलते एक, नोंद बोलते दुसरें. त्या दिवसांत साताऱ्यांत कितीक घरांतून वाद झाले! आमचें मत विचाराल तर, ग्रँट डफचा संबंध हा खरा इतिहास आहे व तो लहान नाहीं. त्याच्यापलीकडची दीडशें-पावणेदोनशें वर्षें कोणीं लिहून ठेवलीं असतीं तर वादच उरला नसता.

लिहून ठेवलेलें राखण्याची विद्या वास्तविक याच मुलखानें महाराष्ट्रास शिकविली. राजवाड्यांचा साधनांचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला तो वाईस सांपडलेल्या कागदांवरून. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे शाळेंत शिकवून उरलेल्या वेळांत पटवर्धनांच्या दप्तरांतील पत्रें निवडीत बसले आणि त्यांतून त्यांचा 'ऐतिहासिक लेखसंग्रह' उभा राहिला. साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं जन्मभर कागद, चित्रें, नाणीं गोळा केलीं. नाना फडणीसांचें मेणवलीचें दप्तरहि त्यांच्या संग्रहीं आलें. तो सर्व संग्रह १९३९ सालीं साताऱ्याहून पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेला. साताऱ्याची वस्तु साताऱ्याबाहेर गेली याची हळहळ आम्हांसहि आहे. पण ती कागदांसह गेली, म्हणून आजहि तिचा उपयोग होतो.

उलट दाखला नागपूरचा आहे. तिसरे रघूजी १८५३ सालीं वारल्यावर डलहौसीनें राज्य खालसा केलें आणि राजवाड्यांतील चीजवस्तु लिलांवांत काढली. हत्ती, घोडे तेथेंच मातीमोल भावानें गेले, जवाहीर कलकत्त्यास रवाना झालें. कोणता हार कोणाच्या गळ्यांतला, हें सांगणारे लोक तेथेंच राहिले आणि हार पुढें गेला. अशा पांगापांगींतूनहि क्वचित् एखादी वस्तु स्वतःचें नांव घेऊन परत येते. २०२५ च्या एप्रिलांत लंडनमध्यें सदबीच्या लिलांवांत पहिले रघूजी भोसले यांची तलवार निघाली. पातें युरोपी, मूठ मराठी घाटणीची, आणि पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघूजींचें नांव व सेनासाहेबसुभा हा किताब. महाराष्ट्र सरकारनें ती सुमारें ४७ लक्ष रुपयांस घेतली आणि ऑगस्टमध्यें ती मुंबईस आली. त्या एका ओळीवांचून ती 'एक दक्षिणी तलवार' म्हणून कोणाच्याहि दिवाणखान्यांत टांगली गेली असती.

घड्याळ म्हणजे तलवार नव्हे, आणि आमच्या स्नेह्यांचे आजोबा सेनासाहेबसुभा नव्हते. १९७२ च्या कायद्याप्रमाणें शंभर वर्षांवरील ऐतिहासिक वस्तु खाजगी मनुष्यास परदेशीं पाठवितां येत नाहीं, तेवढेंहि वय या घड्याळाचें नाहीं. तेव्हां विकण्यास आडकाठी कांहींच नव्हती. प्रश्न होता तो टिपणांत काय लिहावें हा.

घराण्याची थोरली पाती साताऱ्यास असते. १९४९ सालीं संस्थानें विलीन होऊन नवा जिल्हा झाला तेव्हां त्याचें नांव दक्षिण सातारा असें होतें, सांगली हें नांव १९६० सालचें. त्यामुळें जुन्या माणसांच्या बोलण्यांत हीं दोन गांवें अजून एकाच अंगणाच्या दोन टोंकांसारखीं येतात. थोरल्या घरच्या माडीवर रोजकीर्दींच्या लाल कापडी वह्या रचून ठेविल्या आहेत. एकत्र कुटुंब असतांना हिशेब थोरले बंधु लिहीत, आणि धाकट्यांची सांगलीची मिळकत व खर्चहि त्यांतच चढे. वह्या मोडींत आहेत. आम्हांस मोडी अडखळत येते. म्हणून एका निवृत्त शिक्षकांस बरोबर घेऊन आम्ही तीन रविवार त्या माडीवर बसलों. १९२८ पासून पुढें पानें उलटलीं. दरबारचा उल्लेख कोठें आला नाहीं. औषधांच्या पेट्या, सायकलीची दुरुस्ती, मुलांच्या फिया, लोणच्याचें मीठ. तिसऱ्या रविवारीं चार वाजतां शिक्षकांनीं बोट थांबविलें. शके १८६८, मार्गशीर्ष, म्हणजे १९४६ सालची अखेर. खर्चाच्या बाजूस लिहिलें होतें: धाकट्यांस मनगटी घड्याळ, नाडी पाहण्याचें, जुनें, रुपये १७०, पैकीं शंभर रोख, बाकी पौषांत. आणि पौषाच्या पानावर सत्तर पोंचल्याची नोंद होती.

घड्याळ विकत घेतलेलें, तेंहि दुसऱ्याचें वापरलेलें. आमच्या स्नेह्यांचा चेहरा उतरला, आणि आम्हांसहि उगीच अपराध्यासारखें झालें. तेवढ्यांत शिक्षक म्हणाले, "जमेची बाजू पाहूं नये काय?" त्याच दिवशींच्या जमेंत एक ओळ होती: धाकट्या सूनबाईंची पाटली एक, मोड, रुपये ९६.

रोजकीर्द कारणें सांगत नाहीं. पाटली घड्याळासाठीं मोडली असें कोठें लिहिलेलें नाहीं. तारीख एक आहे, आणि शंभराला चार कमी एवढी रक्कम आहे, इतकेंच. आम्हीं टिपणांतहि तेवढेंच लिहिलें. राजेसाहेबांची कथा घराण्यांत सांगितली जाते, असा उल्लेख केला व तिला आधार मिळाला नाहीं असें पुढें जोडलें. कथा कोणीं रचली असावी याविषयीं घरांत पुष्कळ चर्चा झाली. आमच्या स्नेह्यांच्या पत्नी म्हणाल्या, "आजींनींच रचली असेल. पाटलीचें कोणी विचारूं नये म्हणून." त्यावर कोणी बोललें नाहीं.

मुंबईच्या मध्यस्थानें टिपण वाचून कपाळास आठ्या घातल्या, पण पुण्याचे एक संग्राहक स्वतः सांगलीस आले. त्यांनीं घड्याळ उघडलें, नऊच्या आंकड्यापाशींचा डाग भिंगांतून पाहिला व तो तसाच असल्याबद्दल समाधान दाखविलें. मग खर्चाच्या पानाचें छायाचित्र मागितलें, आणि जमेच्या पानाचेंहि. किंमत दीडपट आली नाहीं. घराच्या मागच्या भिंतीपुरती व एका मुलीच्या शिक्षणाच्या एका वर्षापुरती आली. वही साताऱ्यासच राहिली.

घड्याळ पेटींत ठेवण्याआधीं त्या मुलीनें तें मागून घेतलें. ती वैद्यकीच्या दुसऱ्या वर्षांत आहे. तिनें आपल्या आजोबांचा हात धरला, कळ दाबली, ओठांतल्या ओठांत तीस मोजले, आणि पुन्हा कळ दाबली. कांटा ७८ वर थांबला होता. तिनें खालची कळ दाबून तो शून्यावर आणला आणि घड्याळ पाहुण्यांच्या हातीं दिलें.